दुबईच्या खोक्यातला बिब्बा

केळीचा कंटेनर निघून सतरा दिवस झाले होते. अंगद आला तो शेडच्या दारात चपला काढून थेट टेबलाशी गेला, आणि कुणाला राम राम न घालता त्याने मोबाइल पुंजारामकाकांपुढे धरला. अंगद म्हणजे निर्यात कंपनीचा माणूस. गावोगाव फिरून केळीच्या बागा बघायच्या, माल ठरवायचा, आणि तो दुबईला पोचेपर्यंत शेतकऱ्याला धीर द्यायचा, हे त्याचं काम. आज त्याच्यापाशी धीर काही दिसत नव्हता.

फोटोत एक उघडलेलं खोकं होतं. वरच्या फण्या हिरव्यागार, कापल्या तशाच. खालची फणी मात्र डांबर सांडल्यासारखी काळी पडलेली, आणि त्या काळ्यात नखाएवढं एक काळंभोर बी रुतलेलं. दुसऱ्या फोटोत कुणाचा तरी हात होता. मनगटापासून बोटांपर्यंत पाणी धरलेले फोड.

“हे काय हाय?” पुंजारामकाका म्हणाले.

द्वारकाकाकूंनी चष्मा पुसून मोबाइल जवळ घेतला. “बिब्बा हाय की. आन हा हात उतलाय बिब्ब्यानं. कोणाचाय हो?”

“तिथल्या गोदामातल्या पोराचा,” अंगद म्हणाला. “त्यानं हातानं उचलला. त्यांना वाटलं, विषारी बी हाय. सगळा कंटेनर रोखून ठेवलाय त्यांनी. पंधराशे चाळीस खोकी उघडून बघून राह्यले एकेक.”

गंधाली तीन पावलांवर उभी होती. तिने फोटो नीट पाहिलाही नव्हता, बिब्बा हा शब्दच तिला पुरला होता. कडेवरच्या लेकीने, स्वराने, तिच्या गळ्यातली पोत ओढली तरी तिला कळलं नाही.

“प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी असती आपली,” अंगद पुढे म्हणाला. “शेत, तारीख, टेबल. ह्या खोक्यावर टेबल नंबर दोन हाय.”

सगळ्यांनी गंधालीकडे पाहिलं, कारण चिठ्ठ्यांची पद्धत तिनेच बसवली होती. शेडमधल्या मालाची प्रत तपासणं हे तिचं खातं. आता बोलायची वेळ होती. तिने तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून शब्द आले ते असे:

“दोन नंबरवर कोण होतं त्या दिवशी?”

जसं काही तिला माहीतच नव्हतं.

*

या शेडमध्ये गंधाली आली कशी, तेही सांगायला हवं. नवरा केदार जालन्याला विमा कंपनीच्या ऑफिसात. पुंजारामकाका त्याच्या आजोळच्या गावचे, घनसावंगीच्या पुढे गोदाकाठी चौदा एकर काळी जमीन, पाणी बारमाही. वर्षानुवर्षं तिथे ऊस उभा असे. दोन वर्षांपूर्वी केदार आणि त्याचे चार मित्र एका लग्नात काकांशी बोलत बसले, आणि बोलता बोलता ठरलं की जमीन काकांची, पैसा शहरातल्यांचा, केळी आखाती देशात पाठवायची. केदार-गंधालीने फ्लॅटसाठी साठवलेलं सगळं त्यात घातलं. ठिबक आलं, रोपं आली, पत्र्याची शेड आली, तुरटीच्या पाण्याचे हौद आले, पिशवीतली हवा ओढून घेणारं मशीन आलं. पॅकिंगची टोळी बाहेरून आणण्याऐवजी गावातल्याच सहा बायांना शिकवायचं ठरलं. शिकवणार कोण? गंधाली एम.एस्सी. झालेली, लग्नाआधी औरंगाबादच्या एका लॅबमध्ये तीन वर्षं नोकरी केलेली. स्वरा झाल्यावर घरी बसली होती. तिला हे काम मिळालं तेव्हा कितीतरी दिवसांनी तिने आरशात बघून केस विंचरले होते.

कापणीच्या दिवसांत ती पोरीला घेऊन काकांच्या घरी मुक्कामाला येई. पहिल्याच दिवशी तिने भिंतीवर नियम लावले. नखं कापलेली. डोक्याला टोपी. मिश्री नाही, तंबाखू नाही. काचेच्या बांगड्या नाहीत, फुटली तर तुकडा खोक्यात जाईल. बांगड्यांवर बायका कुरकुरल्या. नवरा जिवंत असताना हात मोकळे ठेवायचे म्हणजे काय? तेव्हा झुंबरबाई पुढे झाली. पन्नाशीची, उंच, हाडापेराने मोठी. तिने हाताला साबण लावून एकेक बांगडी काढली आणि स्टीलच्या डब्यात ठेवली. “नवरा काय बांगड्यात बसलाय का ग,” ती म्हणाली. “बसला असता तर बरं झालं असतं, सापडला तरी असता.” बायका हसल्या आणि डबा भरला.

त्याच झुंबरबाईने शेडच्या दाराला लिंबू, मिरची आणि बिब्बा बांधला होता. नवं काम, नजर लागू नये म्हणून. गंधालीने तो काढायला लावला. “बिब्ब्याचं तेल किती वाईट, माहीत आहे ना तुम्हाला?” ती म्हणाली होती. “आणि नजरबिजर काही नसतं, मावशी. मनाचे खेळ असतात सगळे.” झुंबरबाईने वाद न घालता दोरा तोडला आणि बांधाच्या पलीकडे नेऊन टाकला. बिब्ब्यातलं भिलावनॉल, कातडी भाजणारं ते तेल, गंधालीला एम.एस्सी.च्या पेपरात सहा मार्कांना आलं होतं. तिला साडेपाच मिळाले होते.

हे सगळं डिसेंबरात. जानेवारीत स्वराला ताप आला, डोक्यात गेला, आणि भर दुपारी जालन्याच्या घरात पोरीला आकडी आली. डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले. तीन मिनिटं असेल, चार असेल. डॉक्टरांनी समजावलं, औषध दिलं, लहान मुलांत होतं असं, घाबरायचं नाही. गंधालीने मान हलवली, औषधाच्या वेळा भिंतीवर चिकटवल्या, दर दोन तासांनी ताप मोजला. आणि शनिवारी दुकानांपुढे माळा विकत फिरणाऱ्या बाईकडून लिंबू-मिरचीची माळ घेतली, चार बिब्बे ओवलेली, लाल-काळ्या दोऱ्याची, आणि पाळण्याच्या कडीला बांधली. लिंबू वाळलं, मिरच्या वाळल्या, त्या तिने काढून टाकल्या. बिब्बे ठेवले. ताप पुन्हा आला नाही. औषधामुळे आला नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी बिब्बे तिने काढले नाहीत.

पहिला कंटेनर भरायच्या दिवशी केदारचे मित्र बायकापोरांसह जालन्याहून आले. फोटो निघाले. कुणी फण्या हातात धरून, कुणी खोक्यांच्या थप्पीला टेकून. “काय देखणा माल आहे,” एक जण म्हणाली आणि तिथेच स्वराचा गालगुच्चा घेऊन पुढे बोलली, “पोरगी काय आणि केळी काय, दोन्ही कशी गुटगुटीत. दृष्ट लागेल हो.” सगळे हसले. गंधालीही हसली. आकडी यायच्या आदल्या दिवशी एका शेजारणीने हेच शब्द म्हटले होते.

दुपारी चारच्या सुमारास झुंबरबाई पाणी प्यायला गेली. गंधालीने तिच्या दोन नंबरच्या टेबलावरचं अर्धं भरलेलं खोकं पुढे ओढलं. पर्समध्ये कागदात गुंडाळलेला बिब्बा होता, पाळण्यावरच्या चारांतला एक. प्रवासात पोरीजवळ असावा म्हणून आणलेला. तो तिने खालच्या फणीच्या बगलेत सरकवला, वर फोम, वर दुसरी फणी. मशीनने पिशवीतली हवा ओढली. पिशवी केळ्यांना घट्ट चिकटली, आणि सुईने आधीच भोक पाडलेला तो बिब्बा केळ्यांमध्ये दाबला गेला. तेल गळणार, हे तिला त्याच क्षणी कळायला हवं होतं. साडेपाच मार्क मिळालेल्या बाईला नक्कीच कळायला हवं होतं. तिला फक्त हलकं वाटलं. पोरीच्या कपाळाला तीट लावल्यावर वाटतं, तेवढं.

*

झुंबरबाई हौदावरून ओले हात पुसत आली. अंगदने तिला फोटो दाखवला.

“मी न्हाई ठिवला,” ती म्हणाली.

“मावशी, कोणी तुला फाशी देऊन राह्यलं का,” अंगद म्हणाला. “चुकून पडला असंल. टाचेला लावाया आणला असंल. कबूल करून टाक, मिटलं.”

“माझ्या टाचा बघा. भेगच न्हाई. दोन महिने झाले पाण्यात उभी राहून राह्यले, भेगा कुठून येतील?”

“पहिल्या दिवशी दाराला तूच बांधला व्हता ना?” पुंजारामकाका जड आवाजात म्हणाले. माणूस वाईट नव्हता. चौदा एकर आणि म्हातारपण दोन्ही त्या कंटेनरात बसलं होतं.

“बांधला. ताईंनी सांगितलं, काढला. सगळ्यांसमोर काढला.”

“धंद्यात बिब्बा घालणं म्हणतात ते हेच,” अंगद म्हणाला. कुणी हसलं नाही.

“गप बसा हो,” द्वारकाकाकू म्हणाल्या. “झुंबरबाई असं करायची न्हाई. मी लग्न होऊन आले तवापासून बघून राह्यले तिला.”

“मंग काय बिब्बा चालत गेला खोक्यात?” अंगद म्हणाला.

झुंबरबाईने मोबाइल मागितला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. “हे लाल काय दिसतंय?” तिने विचारलं. अंगदने फोटो मोठा केला. बिब्ब्याच्या भोकातून सुतभर दोरा बाहेर आला होता. लाल, त्यात काळा पीळ.

“आपल्याकडचा बिब्बा झाडाखालून वेचलेला असतोय,” ती हळूहळू म्हणाली. “त्याला भोक न्हाई पाडत कोणी, हात उततोय. आन बांधायचाच झाला तर काळ्या दोऱ्यात गाठ मारून बांधत्यात. हा ववलेला हाय. शहरात दुकानाला टांगत्यात, त्या माळंतला.”

बोलता बोलता ती थांबली. तिने मान वर केली आणि गंधालीकडे पाहिलं. फार वेळ नाही, एखादं केळं चोळून डाग आहे की माती आहे हे बघायला लागतो तेवढाच. मग मोबाइल अंगदच्या हातात दिला.

“म्हणजे शहरातून तुझ्याकडं आला कसा, ते सांग आता,” अंगद म्हणाला.

झुंबरबाई काहीच बोलली नाही.

त्या गप्प बसण्याचा सगळ्यांनी एकच अर्थ घेतला. अंगदने सांगितलं की कंपनीला पुढच्या शुक्रवारपर्यंत लेखी अहवाल हवा, कारण काय आणि जबाबदार कोण, खाली मालाची प्रत पाहणाऱ्याची सही, म्हणजे गंधालीची. कारण पटलं आणि माणूस काढला तर कंपनी दुबईवाल्यांना समजावेल, दुसरा कंटेनर जाऊ शकेल. तोवर झुंबरबाईने शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. झुंबरबाईने डब्यातून स्वतःच्या बांगड्या शोधून काढल्या. सहा बायांच्या बांगड्या एकत्र होत्या, त्यामुळे वेळ लागला. सगळे उभे राहून बघत होते. गंधालीही.

*

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी तिने केदारला फोन केला आणि सांगितलं.

“तू?” तो म्हणाला. “तू ठेवलास?”

“हो.”

“अगं, तू लोकांना...” त्याने वाक्य सोडून दिलं. मग त्याचा आवाज बदलला, ऑफिसातला झाला. “हे बघ, नीट ऐक. मजुराच्या हातून झालं तर ती चूक असते. मजूर बदलता येतो. क्वालिटी बघणाऱ्यानेच केलं, तर आपली सगळी बागच बाद होते. काकांची पण. चार जणांचे पैसे आहेत आपल्या शब्दावर. तू कुणाचं नाव नको घेऊ. लिही, नक्की कारण कळू शकलं नाही.”

“मग झुंबरबाई?”

“तिला दुसरं काम मिळेल ना. ऊसतोड आहे, कापूस आहे. काही महिन्यांनी परत घेऊ.”

तिला राग यायला हवा होता. आला नाही. केदार जे बोलला तेच तिचं सकाळी स्वतःशी बोलून झालं होतं, याच क्रमाने. मंगळवारी तिने अहवाल लिहायला घेतला. ‘नक्की कारण कळू शकलं नाही’ असं लिहिलं. अंगद ते मान्य करणार नाही असं वाटलं, म्हणून खोडलं आणि लिहिलं, ‘पॅकिंग कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक वस्तूंमुळे सदर प्रकार घडला असावा.’ तिने ते दोनदा वाचलं. ‘असावा’ शब्दावर बोट ठेवून बसली. वाक्य खोटं नव्हतं. पॅकिंगच्या शेडमध्ये तीही कामच करत होती, आणि वस्तू वैयक्तिकच होती. खोटं न बोलता खोटं कसं लिहायचं, हे आपल्याला इतकं चांगलं येतं, याची तिला शिसारी आली. तरी तिने कागद फाडला नाही.

बुधवारी द्वारकाकाकू भाकरी थापता थापता सहज बोलल्या. “झुंबरबाईची सून गेली म्हणं वाटूरला. माहेरी. लेकरू घेऊन गेली.”

“का?”

“का म्हणजे. गावात बोलून राह्यले ना लोक. बिब्बा ठिवते, करणी करते, साता समुद्रापलीकडल्या माणसाचा हात उतिवला म्हणं हिनं. अक्षता लहान हाय अजून, चार महिन्याचं लेकरू. घाबरली. आत्याबाईच्या हातात लेकरू देईना झाली. झुंबरबाईच न्हाऊ घालायची त्याला, रोज. निम्म्या गावची लेकरं न्हाऊ घातल्यात तिनं. आता कोणी बोलवीना.” काकूंनी भाकरी उलटली. “तुमची स्वरा आल्ती पहिल्यांदा, तवा तिला बी तिनंच चोळलं व्हतं तेलानं. आठवतंय का?”

आठवत होतं. पोरगी त्या दिवशी चार तास गाढ झोपली होती, आणि गंधाली तिच्या शेजारी बसून एका अनोळखी बाईच्या हातांबद्दल मनात आभार मानत राहिली होती.

ती स्वराला घेऊन उठली.

*

झुंबरबाईच्या अंगणात लुगड्यावर लाल मिरच्या पसरल्या होत्या. ती देठं खुडत होती. गंधालीला बघून तिने “या” म्हटलं नाही आणि “कशाला आल्या” असंही म्हटलं नाही. पोतं सरकवून बसायला जागा केली, एवढंच. “लेकराला मिरच्यापासून लांब बसवा,” ती म्हणाली. “हात डोळ्याला लावंल.”

“मावशी, तुम्हाला कळलं होतं ना?” गंधालीने विचारलं.

“दोरा बघितला तवाच.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

झुंबरबाईने खुडलेली मिरची बाजूला टाकली. “काय बोलायचं? ह्या लेकराच्या मायनं ठिवला म्हणून? कोण ऐकलं असतं? तुम्ही भिंतीवर कागद लावणाऱ्या. लोक म्हणले असते, बघा, स्वतःचं पाप ताईवर ढकलून राह्यली. दुप्पट खोटी पडले असते मी.” तिने पुढची मिरची उचलली. “तुमच्यासाठी न्हाई गप बसले. तसं समजू नका. माझ्यासाठी बसले.”

गंधाली येताना वाटेत एक भाषण जुळवून आली होती. स्वराचा ताप, आकडी, कंटेनरच्या दिवशीची ती पाहुणी, तिचे शब्द. त्यातलं एकही वाक्य आता तिच्याने बोलवेना. ती फक्त म्हणाली, “माझं चुकलं.”

“बिब्बा ठिवला ते चुकलं, त्याचं काय न्हाई,” झुंबरबाई म्हणाली. “लेकराची माय काय बी करती. मी बी केलंय. पण मी आत आले, हात पुसत, आन तुम्ही इचारलं, दोन नंबरला कोण व्हतं. मी दारातच व्हते, ऐकलं मी.”

मिरच्यांच्या खकाण्याने स्वराला शिंक आली. गंधालीने तिला छातीशी धरलं आणि तोंड लपवायला तेवढी सोय झाली.

“मी आजच खरा अहवाल पाठवते,” ती म्हणाली. “माझ्या नावाने. तुम्ही उद्यापासून कामावर या, मी सांगते अंगदला.”

“पाठवा की. दुबईला कळंल.” झुंबरबाईने पदराने हात झटकले. “दुबईचं कोण येतंय माझ्या अंगणात? कामाचं म्हणाल तर काम काय, मिळतंय. मला माझा नातू पाह्यजे. वाटूरला जा आन माझ्या सुनंला सांगा. फोनवर न्हाई. समोर बसून. फोनवर ती म्हणंल, आत्याबाईनंच बोलायला लावलं.”

“जाते.”

“लेकराला घेऊन जा,” झुंबरबाई म्हणाली. “तिला कळू द्या, तुम्ही बी माय हाय ते.”

अहवाल तिने त्याच संध्याकाळी काकांच्या ओट्यावर बसून मोबाइलवर लिहिला. चार ओळी झाल्या. आधीच्या कागदावर तिला दोन दिवस लागले होते, याला दहा मिनिटंही लागली नाहीत. पाठवला, मग आत जाऊन काकांना आणि काकूंना सांगितलं. काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. काका उठून बागेकडे गेले ते अंधार पडला तरी परतले नाहीत. अंगदचा फोन आला. मॅडम, तुम्ही आता शेडमध्ये यायचं न्हाई, पुढच्या कंटेनरचं कंपनी ठरवंल, मला बी वरून शिव्या पडून राह्यल्या. केदारला तिने फक्त अहवालाची प्रत पाठवली. त्याने ती वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या. उत्तर आलं नाही.

*

वाटूरला पोचायला दोन गाड्या बदलाव्या लागल्या. जीपमध्ये स्वरा रडली, एसटीत झोपली. फाट्यावर उतरून घर विचारत विचारत ती गेली. अक्षताची आई दारातच गहू पाखडत होती. शहरातली बाई, कडेवर पोर, एकटी, हे बघून तिने लगबगीने सतरंजी टाकली. अक्षता आतून आली. वीस-एकवीस वर्षांची असेल. तिचं बाळ सतरंजीवर पालथं पडून मान वर करायची खटपट करत होतं. गळ्यात काळा दोरा, गालावर तीट, कपाळाला तीट, तळपायालाही तीट.

गंधालीने पाण्याच्या तांब्याला हात लावायच्या आधी सांगितलं. मी गंधाली. केळीच्या शेडमध्ये सगळ्यांना शिकवणारी. तो बिब्बा मी ठेवला होता. तुमच्या सासूबाईंचा त्यात काही संबंध नाही.

दोघी तिच्याकडे बघत राहिल्या. मग अक्षताच्या आईने हात जोडले.

“देवमाणूस हाय बाई तुम्ही,” ती म्हणाली. “एवढ्या लांब, लेकराला घेऊन. दुसऱ्याचं पाप कोण घेतंय अंगावर आजकाल? झुंबरबाईचं नशीब, तिला अशी मालकीण भेटली.”

“नाही, मी खरंच सांगते. मीच ठेवला.”

“तुम्ही असंच म्हणणार,” अक्षता हलकेच हसून म्हणाली. “ताई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. तुम्ही कशाला बिब्बा ठिवाल? आत्याबाईंनी रडून-भेकून पाठवलं असंल तुम्हाला. मला राग न्हाई त्यांचा. पण लेकराचा सवाल हाय.”

आईने चहा आणला, सोबत स्वरासाठी बिस्कीट. बशी हातात देताना तिने गंधालीच्या पदराला हात लावून कपाळाला लावला. गंधालीला वाटलं, आपण सांगून झालं. खरं ते सांगितलं. यांना पटत नाही त्याला आपण काय करणार? गेल्या नऊ दिवसांत तिच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहणं तिला हवंहवंसं वाटलं. चहाचा घोट अंगात उतरावा तसं. ते वाटणं तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने बशी खाली ठेवली.

तिने मोबाइल काढला. स्वराचे दोन फोटो शोधले, दोन्ही पाळण्यातले, ताप उतरल्यानंतरचे. आजी-आजोबांना पाठवायला काढलेले. तिने पहिला अक्षतापुढे धरला आणि दोन बोटांनी वरचा कोपरा मोठा केला. कडीला दोरा होता. लाल, काळ्या पिळाचा.

“मोजा,” ती म्हणाली.

अक्षताने मोजले. “चार.”

गंधालीने दुसरा फोटो काढला. “हा नंतरचा. कंटेनर भरला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा.”

अक्षताने तो बराच वेळ बघितला. मग स्वतःच बोटांनी आणखी मोठा केला. तीन बिब्बे आणि एक मोकळा दोरा, तोडलेला.

“हे तुमच्या घरचं हाय?”

“हो. तिला आकडी आली होती. त्यानंतर बांधलं.”

“मंग बिब्ब्यानं बरी झाली?”

“औषधाने झाली.”

“तुम्हाला म्हाईत व्हतं, औषधानं झाली म्हणून?”

“माहीत होतं.”

अक्षताच्या आईने काही म्हणायला तोंड उघडलं, अक्षताने तिच्याकडे न बघता हाताने थांबवलं.

“आन आत्याबाईला इचारून राह्यले तवा तुम्ही कुठं व्हत्या?”

“तिथेच होते.”

“काय म्हणल्या तुम्ही?”

हे विचारलं जाईल असं गंधालीला वाटलं नव्हतं. झुंबरबाईने हे सांगायला सांगितलं नव्हतं. न सांगताही चाललं असतं. “मी विचारलं, त्या टेबलावर कोण होतं,” ती म्हणाली. “मला माहीत असून.”

बाहेर रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला. सतरंजीवर स्वराने अर्धं बिस्कीट तोंडातून काढलं आणि ते त्या लहान बाळापुढे धरत त्याच्याकडे सरकली. अक्षता उठली. तिने बाळाला झटकन उचललं, खांद्यावर घेतलं, त्याच्या डोक्यावर पदर ओढला. स्वराच्या हातातलं बिस्कीट तसंच पुढे राहिलं.

“मी रोज त्या बाईच्या हातून लेकरू हिसकून घेतलं,” अक्षता म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “चार दिवस. त्या काय बी म्हणल्या न्हाईत मला. न्हाणीच्या दगडावर तेलाची वाटी घेऊन बसून राहायच्या.”

ती आत गेली. दार तिने लावलं नाही, नुसतं पुढे ओढलं. आतून फोनचे आकडे दाबल्याचे आवाज आले, मग अक्षताचा आवाज, बारीक, अडखळत. “आत्याबाई, मी बोलून राह्यले. न्हाई, बरा हाय तो. झोपला न्हाई अजून. उद्या सकाळच्या गाडीनं येते.” मग बराच वेळ नुसतं “हं, हं.” आणि शेवटी, “हां, आल्ती. बसलीय अजून.”

अक्षताच्या आईने चहाची बशी उचलली, भरलेलीच, आणि गव्हाच्या सुपाशी जाऊन बसली. तिने गंधालीकडे पाहिलं नाही. स्वरा भिंतीला धरून उभी राहिली आणि ओढलेल्या दाराकडे, बाळ गेलं तिकडे, डुगुडुगु चालत निघाली. गंधालीने तिला मागून धरलं आणि मांडीवर घेऊन बसली.